दाराशी कारखाना, हातात पदवी

१९६१ साली दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ भरली. पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट. इतकी माणसं काही पाळण्यातून येत नाहीत. ती वापी स्टेशनवर उतरतात, शेअर रिक्षात नाहीतर इको गाडीत दाटीवाटीनं बसतात आणि अठरा-वीस किलोमीटरवरच्या सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतींत पांगतात. कुणी उत्तर प्रदेशातून आलेला असतो, कुणी बिहारमधून, कुणी ओडिशातून. त्याच जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे अवघ्या ७७४ स्त्रिया नोंदल्या गेल्या. एका खोलीत पाच-सहा जणांनी राहून पाळ्या करणारे तरुण कामगार हे त्याचं मुख्य कारण.

म्हणजे इथे काम आहे, भरपूर आहे. तरीही सिल्वासाच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या, इथल्याच मातीतल्या मुलाला भविष्याबद्दल विचारलं तर पहिलं उत्तर येतं ते स्पर्धा परीक्षेचं. तलाठी, पोलीस, बँक, रेल्वे. चार किलोमीटरवरच्या कारखान्याचं नाव तो घेत नाही. यात आळस नाही आणि अहंकारही नाही. त्यानं त्याच्या परीनं हिशेब केलेला आहे, आणि तो हिशेब समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

मराठी वाचकाची सिल्वासाशी ओळख बहुधा १९५४पाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जुलैच्या अखेरीस आधी दादरा पोर्तुगीजांपासून मुक्त झालं, २ ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यातली सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही नावं आपल्याला पाठ असतात. पुढे सात वर्षं वरिष्ठ पंचायतीनं कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ला हा ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख रीतसर भारतात आला. त्यानंतरची गोष्ट मात्र आपल्याकडे कुणी फारशी सांगितली नाही. ती चार्टर्ड अकाउंटंटांनी घडवली.

साठच्या दशकात पिपरियाला सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत झाली. मसाट, खडोली या वसाहती नंतरच्या. खरी झुंबड उडाली ती करसवलतींमुळे. मागास भाग म्हणून नव्या कारखान्याला पंधरा वर्षं विक्रीकर माफ. नव्वदच्या दशकात त्यावर आयकराची सूट, पहिली पाच वर्षं तर नफ्यावर संपूर्ण. वीजही स्वस्त. मुंबई आणि सुरतच्या मधोमध अशी जागा मिळाल्यावर कोण सोडतो? पॉलिस्टर सूत, प्लॅस्टिक, तांबं, केबल, पॅकिंगचं सामान, एकामागून एक शेड उभ्या राहिल्या. मालक मुंबईचा, कच्चा माल बाहेरचा, कामगार बिहारचा, गिऱ्हाईक भिवंडी-सुरतचं. सिल्वासाचं काय, तर पत्ता.

वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी या आदिवासी समाजांची इथली संख्या निम्म्याहून जास्त. त्यांच्या वाट्याला हेल्परचं काम आलं. पण ठेकेदाराचा हिशेब वेगळा होता. बाहेरून आलेला पोरगा बारा तासांची पाळी करतो, रविवारी ओव्हरटाइम मागतो, शेजारच्याच गावचा पोरगा आषाढात भातलावणीला जातो. मग गेटवर कुणाला आधी घेणार? एकदा पडलेली ही वहिवाट पुढच्या पिढीनंही पाहिली. बापाला कारखान्यात काय मिळालं हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. मुलगा कॉलेजात शिकतो तो तिथं जावं लागू नये म्हणून.

आता कारखान्याच्या आत जाऊ, कारण कॉलेजातली चर्चा बरेचदा गेटच्या बाहेरच थांबते.

सिल्वासाची एक ओळख म्हणजे टेक्स्चराइज्ड सूत. साड्या, पडदे, शर्टिंग यांना जो पॉलिस्टर धागा लागतो, तो आधी पीओवाय म्हणून येतो. अर्धवट ताणलेला, गुळगुळीत, निर्जीव. यंत्राच्या क्रीलवर त्याची बॉबिनं चढतात. तिथून धागा तापलेल्या हीटरमधून जातो, थंड होतो, पुढे वेगानं फिरणाऱ्या चकत्यांच्या मधून पीळ खात निघतो आणि त्याला फुगीरपणा येतो. मग तेलाचा हलका हात आणि शेवटी पेपर ट्यूबवर गुंडाळणी. एका यंत्रावर असे दोनशेच्या वर धागे एका वेळी धावत असतात. आवाज इतका की माणसं खुणांनी बोलतात.

या यंत्रावर पूर्वी माणसाचं काम दोन ठिकाणी जास्त लागे. बॉबिन भरलं की ते काढून रिकामी ट्यूब बसवायची, यालाच डॉफिंग म्हणतात. तो करणारा डॉफर रात्रभर यंत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असे. दुसरं काम तपासणीचं. प्रत्येक बॉबिनच्या सुताचा एक लहानसा मोजा विणायचा, तो रंगात बुडवायचा आणि पट्टे दिसतात का ते उजेडात धरून बघायचं. पट्टा दिसला तर ते बॉबिन खालच्या प्रतीत. यासाठी नजर लागे आणि ती नजर वर्षानुवर्षांच्या सवयीनं येई.

नव्या स्वयंचलित यंत्रांत डॉफिंग यंत्र स्वतःच करतं. प्रत्येक धाग्याचा ताण मोजणारे सेन्सर असतात, कुठल्या धाग्यात कधी खोट आली याची नोंद पडद्यावर त्याच क्षणी उमटते. मोजा विणून बघणं राहिलंय, पण खात्रीपुरतं. म्हणजे चालणारा माणूस कमी झाला आणि बघणाराही कमी झाला. वाढला तो तिसराच. सेन्सर बिघडला, मोटारीच्या ड्राइव्हनं एरर दाखवली, यंत्र चालवणाऱ्या पीएलसीचा प्रोग्रॅम अडकला, की धावत येणारा. मेंटेनन्सचा माणूस. यंत्र तासभर बंद पडलं तर किती किलो सूत बुडालं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. असा माणूस मिळत नाही, ही तक्रार कारखानदारांच्या तोंडी कायम असते, आणि माझ्या मते त्यांच्या तक्रारींतली हीच सर्वांत खरी.

असा माणूस घडवणारी जागा सिल्वासात नाही असंही नाही. सरकारी आयटीआय आहे. कराडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर शासकीय तंत्रनिकेतन आहे (हे कराड नगर हवेलीतलं, साताऱ्याच्या वाचकांनी उगाच खूश होऊ नये). तिथून पदविका घेऊन निघालेल्या मुलाला दारात काम मिळण्याची शक्यता बी.कॉम.च्या मुलापेक्षा नक्कीच जास्त. तरी घराघरांत मान पदवीला. पदविका म्हणजे कमी मार्कांची सोय, हा आपला महाराष्ट्रातला जुना गैरसमज इथंही पोहोचलेला आहे.

आणि पदवी कुणाची? इथे मराठी वाचकाचा थेट संबंध येतो. सायली रस्त्यावरचं एसएसआर कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांच्या विद्यापीठाचं एक टोक असं केंद्रशासित प्रदेशात येऊन टेकलंय. पेपर पुण्याचा, निकाल पुण्याचा, अभ्यासक्रम पुण्याच्या अभ्यास मंडळानं ठरवलेला. एखादा निकाल लांबला तर गणेशखिंड रस्त्यावर मोर्चा निघतो. सिल्वासाचा मुलगा तिथं कुठून जाणार? तो संकेतस्थळ रिफ्रेश करत बसतो.

सिल्वासाच्या कॉलेजांतला सर्वांत लांबून येणारा विद्यार्थी दक्षिणेकडचा. खानवेल, मांदोनी, दुधनी हा पट्टा महाराष्ट्राला लागून आहे, इथली बोली आणि नातीगोती जव्हार-मोखाडा आणि पेठ-सुरगाण्याशी जुळलेली, आणि शाळाही काही मराठी माध्यमाच्या. दहावी-बारावी मराठीतून करून आलेली मुलगी सिल्वासात आली की वर्गात इंग्रजी, कँटीनमध्ये हिंदी, बाजारात गुजराती. ती या तिन्ही भाषा दोन वर्षांत बोलायला लागते, याचं कुणाला कौतुक नाही. घरातली पहिलीच पदवीधर असते ती. ‘सर, बी.कॉम. झाल्यावर अकाउंटंटच्या ऑफिसात लागते ना नोकरी?’ असं ती विचारते तेव्हा त्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण उत्तर २०१७पासून दोनदा बदललंय.

पहिला बदल १ जुलै २०१७चा. जीएसटी आला. जीएसटीचा मूळ नियम असा की कर जिथे माल खपतो त्या राज्याला जातो. माल कुठे बनला याला मग फारसा अर्थ उरत नाही. सिल्वासात बनवून विक्रीकर वाचवण्याचा जो डाव तीसेक वर्षं चालला होता, त्याचा पायाच निघाला. आयकराची सूट तर त्याआधीच मुदत संपून गेली होती. कारखाने रातोरात उठून गेले नाहीत. वापीची बाजारपेठ जवळ, वीज तुलनेनं स्वस्त, शेड उभ्या, कुशल ऑपरेटर हाताशी. पण ‘इथेच का?’ या प्रश्नाचं सोपं उत्तर गेलं. त्याच सुमारास मोठ्या कर्जांचा फटकाही बसला. सिल्वासा-वापीत मोठा पसारा असलेल्या आलोक इंडस्ट्रीजचं प्रकरण २०१७मध्ये दिवाळखोरीच्या वाटेनं न्यायाधिकरणात गेलं आणि २०१९मध्ये रिलायन्स व जेएम फायनान्शियलच्या योजनेला मंजुरी मिळाली. सवलत नसताना टिकायचं तर खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणजे कमी माणसांत चालणारं यंत्र. करधोरणातला बदल शॉप फ्लोअरवर असा उतरतो.

गंमत अशी की ज्या जीएसटीनं कारखान्याचं गणित बिघडवलं त्यानंच बी.कॉम.च्या मुलांना खुर्ची दिली. महिन्याची विवरणपत्रं, इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीची, जुळवणी, आणि १ एप्रिल २०१८पासून राज्याबाहेर जाणाऱ्या, पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल. सिल्वासाचा नकाशा पाहा. दादरा हा तुकडा चारही बाजूंनी गुजरातनं वेढलेला. नगर हवेलीच्या पोटात मघवाळ हे गुजरातचं गाव. मसाटहून ट्रक निघाला की वापी गाठायच्या आत त्याची सीमा ओलांडून होते. त्यामुळे इथे जवळपास प्रत्येक खेप आंतरराज्य. ट्रकमागे बिल, बिलामागे नोंद, नोंदीमागे टॅली येणारं एक पोरगं. दोन-तीन वर्षं सिल्वासाच्या कर सल्लागारांकडे संगणकासमोर जागा रिकामी नव्हती. टॅली-जीएसटीचे क्लास भरभरून चालले.

मग दुसरा बदल. ई-इन्व्हॉइस. ऑक्टोबर २०२०मध्ये तो पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांना लागू झाला आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ला पाच कोटींपर्यंत आला. पाच कोटी म्हणजे सिल्वासातला मध्यम कारखानाही त्यात आला. आता बिल एकदा पोर्टलवर चढलं की त्याला क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो, तीच माहिती विवरणपत्रात आपोआप जाते, ई-वे बिलही तिथूनच निघतं. तीनदा टाइप करायचं काम एकदाच उरलं. जो मुलगा ते तीनदा टाइप करायला नेमला होता, त्याचं काय झालं हे कुठल्याच पत्रकात येत नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये आला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं नोकऱ्या जाणार म्हणून चर्चा सुरू झाली. सिल्वासाच्या अकाउंटंटच्या ऑफिसात तिची गरजही लागली नाही. साध्या क्यूआर कोडनं ते काम आधीच सुरू केलं होतं.

राहिलं ते काम कुठलं? आकडे जुळले नाहीत तर ते का, हे शोधण्याचं. पुरवठादारानं विवरण भरलं नाही म्हणून अडकलेलं क्रेडिट सोडवण्याचं. नोटीस आली तर तिचं उत्तर लिहिण्याचं. हे काम टायपिंगपेक्षा अवघड आणि जास्त पगाराचं. त्यासाठी कायदा वाचता यावा लागतो, समोरच्याशी फोनवर तीन भाषांत भांडता यावं लागतं, आणि कारखान्यात माल नेमका कसा बनतो तेही कळावं लागतं. शंभर किलो पीओवाय आत गेलं तर सूत किती निघावं आणि वेस्टेज किती, हे ज्याला माहीत नाही तो स्टॉकचा घोळ पकडणार कसा? आपल्या खानवेलच्या मुलीला भाषा येतात. उरलेल्या दोन गोष्टी तीन वर्षांत शिकवता येतात. त्या शिकवल्या जात नाहीत, हा माझा मुख्य आक्षेप.

संगणकाकडे वळलेल्या मुलांचंही फार वेगळं नाही. मुंबई-पुण्याच्या आयटी कंपन्यांत कॅम्पसमधून उचललं जाण्याचं स्वप्न बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटरच्या वर्गात अजून आहे. पण २०२५च्या जुलैत टीसीएसनं दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, माणसं कमी करण्याचं जाहीर केलं तेव्हा ती बातमी सिल्वासातही मोबाइलवर वाचली गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीच्या इन्स्टिट्यूट फॉर ह्युमन डेव्हलपमेंटनं २०२४मध्ये भारताच्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यात २०२२ साली तरुण पदवीधरांमधली बेकारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के दिली आहे. निरक्षर तरुण रिकामा बसूच शकत नाही, मिळेल ते करतो, हा त्या आकड्याचा निम्मा अर्थ. उरलेला निम्मा असा की पदवीधर ज्या कामासाठी थांबलाय ते काम तेवढं नाही.

एक चांगली गोष्टही नोंदवायला हवी. २०१९मध्ये सिल्वासात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था. मार्च २०२५मध्ये साडेचारशे खाटांच्या नमो रुग्णालयाचं उद्घाटन झालं. पूर्वी डॉक्टर व्हायचं तर घर सोडावंच लागे. आणि रुग्णालय म्हटलं की डॉक्टर थोडे, नर्स, लॅब टेक्निशियन, एक्स-रे आणि डायलिसिसची यंत्रं चालवणारे जास्त. या कामांत माणूस कमी करणारं यंत्र अजून फार आत शिरलेलं नाही. खानवेलच्या आजीबाईंशी त्यांच्या बोलीत बोलून रक्त घेणारी नर्स कुठल्याही कंत्राटदाराला बाहेरून आणता येणार नाही.

‘स्थानिकांना ऐंशी टक्के’ ही मागणी इथेही अधूनमधून उठते. महाराष्ट्रात ती घोषणा आपण लहानपणापासून ऐकतो. हरियाणानं तसा पंच्याहत्तर टक्क्यांचा कायदाच केला, तो २०२३च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवला. माझं मत असं की टक्क्यांच्या भांडणात हेल्परच्या जागा मिळतील, मेंटेनन्सच्या मिळणार नाहीत. त्यापेक्षा जो कायदा अस्तित्वात आहे तो वापरावा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं, ठेक्यावरची धरून, किमान अडीच टक्के अप्रेंटिस घ्यायलाच हवेत. १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून बी.ए., बी.कॉम. झालेल्यालाही अप्रेंटिस होता येतं. हे कॉलेजातल्या मुलांना तर सोडाच, अनेक प्राध्यापकांनाही ठाऊक नसतं. फिटर आणि वेल्डरलाच अप्रेंटिसशिप असते असं धरून सगळे चालतात.

२०२४च्या ऑक्टोबरात आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम आणि महिना पाच हजार रुपये, असं सुरुवातीला ठरलं. मुंबईत पाच हजारांत खोलीचं भाडंही सुटत नाही. मांदोनीच्या मुलाला ही योजना परवडेल ती रखोली-मसाटला, घरून बसनं जाऊन-येऊन करता आली तरच. रखोलीत ऑप्टिकल फायबर केबल बनते. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेची जी डेटा सेंटरं उभी राहताहेत, ती असल्याच केबलींनी जोडली जातात. रस्त्यावरून रोज कॉलेजला जाणाऱ्या किती मुलांनी त्या कारखान्याचं गेट आतून पाहिलंय?

पुढची दहा वर्षं या भागात गर्दीची असणार आहेत. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरपैकी चारेक किलोमीटर या प्रदेशातून जातात आणि स्थानक वापीला आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४मध्ये झालं, ७६ हजार कोटींचा प्रकल्प, आणि सरकार बारा लाख रोजगारांचं बोलतंय. स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय. बंदर झालं तर कस्टम, गोदामं, कंटेनरची वाहतूक, क्रेनची देखभाल ही कामं येतील. ती कुणाला मिळणार हे बंदर बांधून झाल्यावर ठरत नसतं. नव्वदच्या दशकात सिल्वासात ते कारखान्यांच्या आधी ठरलं नाही, म्हणून ठेकेदारानं ठरवलं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवा आराखडा आला. त्यात तिसऱ्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आहे, चार श्रेयांकांचं. कागदावर कल्पना उत्तम. पण पुण्याच्या मुलाला बाजीराव रस्त्यावरच्या एखाद्या ओळखीच्या ऑफिसातून प्रमाणपत्र मिळतं आणि तो मोकळा होतो. सिल्वासात तसं झालं तर ती संधी वाया गेली म्हणायची, कारण भारतात फार थोड्या कॉलेजांच्या दारात इतके कारखाने असतील. अभ्यास मंडळानं सिल्वासापुरता एक वेगळा विषय ठेवायला काय हरकत आहे? कारखान्याचा हिशेब, वस्त्रोद्योगाची प्रक्रिया, मालाची वाहतूक आणि तिचा कर, असा. विद्यापीठ तेवढं लवचीक व्हायला तयार असेल तर प्राध्यापक इथे आहेत आणि प्रयोगशाळा रस्त्याच्या पलीकडे आहे.

नव्या आराखड्याची पहिली तुकडी २०२६-२७मध्ये तिसऱ्या वर्षाला असेल. सिल्वासातल्या कारखान्यांचे कितीतरी मालक, संचालक आणि व्यवस्थापक मुंबई-पुण्यात राहतात, त्यांतले अनेक मराठी आहेत आणि काहींच्या घरी हा अंकही येत असेल. त्यांना एकच विनंती. दिवाळीची सुट्टी संपवून कामावर गेलात की आपल्या एचआर विभागाकडून एक आकडा मागवून घ्या: आपल्याकडे अप्रेंटिस किती आहेत, त्यांतले पदवीधर किती आणि खानवेलच्या बाजूचे किती. आकडा शून्य आला तर कॉलेजच्या प्राचार्यांना फोन करा. चार मुलांपासून सुरुवात केली तरी चालेल.